दुसऱ्या प्रश्नाची तयारी

लग्नकार्यात, गणपतीच्या आरतीनंतर किंवा सोसायटीच्या जिन्यात सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी समोर आली की आपण मोठी माणसं ठरलेल्या गोष्टी विचारतो. कितवीत आहेस? किती टक्के पडले? पुढे काय करणार? ते बिचारं एकेका शब्दात उत्तर देतं आणि आपण दुसऱ्या कुणाकडे तरी वळतो. ‘मला फिजिक्स आवडतं’ असं ते म्हणालं, तर ‘फिजिक्समधलं काय?’ एवढं विचारायला थांबणारं माणूस क्वचित भेटतं.

मी पुण्यात अकरावी-बारावीच्या मुलांना परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी मदत करते. त्याआधी बरीच वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवलं. अर्ज, निबंध, शिफारसपत्रं, शिष्यवृत्तीची कागदपत्रं हे सगळं या कामात येतंच. पण माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग आहे तो माजी विद्यार्थ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या मुलाखतीच्या तयारीचा. ही तयारी म्हणजे, मला वाटतं, कुणी कधी न विचारलेल्या त्या दुसऱ्या प्रश्नाची तयारी आहे.

ही पद्धत मुख्यतः अमेरिकेतली. हार्वर्ड, येल, जॉर्जटाउन, बॉस्टनशेजारच्या केंब्रिजमधली एमआयटी अशी विद्यापीठं पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश देताना गुण, निबंध आणि शिक्षकांची पत्रं तर बघतातच, शिवाय शक्य असेल तिथे अर्जदाराची मुलाखतही घेतात. गंमत अशी की बहुतेक वेळा ती घेणारा माणूस प्रवेश विभागाचा नोकर नसतो. तो त्याच विद्यापीठातून कधीतरी पदवी घेऊन बाहेर पडलेला असतो. मुंबईत बँकेत असेल, बेंगळुरूत सॉफ्टवेअरमध्ये असेल, पुण्यात एखाद्या प्रयोगशाळेत असेल. आपला दिवसाचा कामधंदा सांभाळून, एक पैसा न घेता, तो संध्याकाळी मुलांशी बोलतो आणि नंतर विद्यापीठाला एक अहवाल लिहून पाठवतो. एमआयटीत अशा स्वयंसेवकांना ‘एज्युकेशनल काउन्सेलर’ म्हणतात.

मुलांना सगळ्यात नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. या माणसाने त्यांचा अर्ज वाचलेला नसतो. त्याला गुण माहीत नसतात, निबंध माहीत नसतो. नाव, शाळा किंवा कॉलेज आणि संपर्काचा पत्ता, एवढ्यावर तो बोलायला बसतो. अर्ध्या तासापासून तासभरापर्यंत बोलणं चालतं. हल्ली ते बहुधा व्हिडिओवर होतं. समोरासमोर भेटायचं असेल तर कॅफे किंवा ग्रंथालय अशी चारचौघांतली जागा ठरते. आई-वडिलांनी सोबत बसायचं नसतं. या अहवालाचं वजनही एकूण निर्णयात फार मोठं नसतं. माजी विद्यार्थी सगळीकडे सारखे विखुरलेले नसल्यामुळे प्रत्येकाला मुलाखत मिळत नाही, आणि न मिळाल्याने अर्जाचं नुकसान होत नाही. येल तर उघडच सांगतं की ज्या अर्जदारांबद्दल आणखी माहिती हवी आहे, त्यांना मुलाखतीत प्राधान्य दिलं जातं.

आता वेळापत्रक पाहा. लवकरच्या फेरीचा अर्ज १ नोव्हेंबरच्या सुमाराला जातो, नेहमीच्या फेरीचा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे नेहमीच्या फेरीतल्या मुलाखतीची मेल येते ती नेमकी बारावीच्या प्रात्यक्षिकांच्या आणि जेईई मेनच्या पहिल्या सत्राच्या दिवसांत. घर आधीच ताणलेलं असतं. त्यात ‘मुलाखत’ म्हटलं की आई-वडिलांच्या डोळ्यांसमोर यूपीएससीचं मंडळ उभं राहतं: २७५ गुणांची ती व्यक्तिमत्त्व चाचणी, लांब टेबल, पलीकडे गंभीर चेहऱ्यांचे सदस्य. मग ब्लेझर शिवायला टाकला जातो, सामान्यज्ञानाची पुस्तकं येतात. एका वडिलांनी मुलीकडून अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची यादी पाठ करून घेतली होती. त्यामागची काळजी खरी असते. आपल्या मुलीने कुठे कमी पडू नये, ही त्यांची धडपड असते. म्हणून मी पहिल्या भेटीत आई-वडिलांनाही बसवून घेते आणि सांगते, की इथे गुण नाहीत, बरोबर-चूक उत्तरं नाहीत. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मुलाखतीत पुढे शिकवणारे प्राध्यापकच समोर असतात आणि ते विषयातलं कोडं घालून मुलगा विचार कसा करतो ते पाहतात. इथे तेही नाही. इथे एका अनोळखी मोठ्या माणसाला जाणून घ्यायचंय, की हे मूल कोण आहे आणि त्याला कशाची ओढ आहे.

हे ऐकून मुलं सुटकेचा नि:श्वास टाकतील असं वाटतं. तसं होत नाही. ती आणखी घाबरतात. परीक्षा देणं त्यांना येतं, मोठ्यांचा उपदेश खाली मान घालून ऐकणंही येतं. मोठ्या माणसाबरोबर बरोबरीने, आपल्या कामाबद्दल बोलायचं, हे त्यांच्या वाट्याला आलेलंच नसतं. हुशार मुलांच्या बाबतीत तर ते जास्तच खरं असतं, कारण त्यांच्या टक्क्यांनीच सगळ्यांचं समाधान झालेलं असतं.

म्हणून नमुना प्रश्नांची यादी मी सुरुवातीला देत नाही. एकच विचारते: कुणी सांगितलं नसताना, परीक्षेत येणार नसताना, तू केलेली एक गोष्ट सांग. यावर बहुतेक मुलं फाइल उघडतात. प्रत्येक घरात ती प्लास्टिकची फाइल असतेच. ऑलिम्पियाड, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकलेच्या परीक्षा, वक्तृत्व स्पर्धा, रोबोटिक्सचं शिबिर, सगळी प्रमाणपत्रं ओळीने लावलेली. मी फाइल मिटायला सांगते.

पुण्यातलाच एक मुलगा असाच फाइल घेऊन बसला होता. प्रत्येक प्रमाणपत्राबद्दल तो चार-चार वाक्यं बोलला. वाक्यं घोटून इतकी गुळगुळीत झाली होती, की पुढे काही विचारायला जागाच नव्हती. जायला उठताना तो सहज बोलून गेला, की रात्री झोपायला उशीर होतो, कारण मराठी विकिपीडियावर लिहीत बसतो. मी त्याला पुन्हा बसवलं. मराठी विकिपीडिया २००३पासून चालू आहे आणि तो उभा आहे अशाच बिनपगारी हातांवर, हे मला माहीत होतं. ते हात समोर बसलेत हे माहीत नव्हतं.

तो नद्या आणि घाटांवरचे लेख दुरुस्त करायचा. पुणे जिल्ह्यातल्या एका लहानशा नदीच्या उगमाबद्दल त्याने एक वाक्य लिहिलं. दुसऱ्या कुणा संपादकाने ते काढून टाकलं आणि चर्चा पानावर संदर्भ मागितला.

‘मग?’ मी विचारलं.

‘मग काय, चिडलो. मला ते आजोबांनी सांगितलं होतं. आमचं गाव आहे तिथे.’

‘मग?’

मग तो ग्रंथालयात गेला. १८८५ साली निघालेलं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर त्याने मिळवलं, त्यातलं नदीचं वर्णन वाचलं, नकाशाशी ताडून पाहिलं. गॅझेटियरात एकच ओढा होता, नकाशावर दोन दिसत होते. सुट्टीत गावी गेल्यावर त्याने पलीकडच्या गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं, तेव्हा कळलं की ते आपल्या बाजूच्या ओढ्यालाच उगम मानतात. आजोबांचं खरं होतं, पण ते एका काठाचं खरं होतं. लेखात त्याने दोन्ही ओढ्यांची नोंद केली, संदर्भासह.

‘हे तू आधी का नाही सांगितलंस?’

‘मॅडम, याचं सर्टिफिकेट नाही ना.’

मी जिथे जिथे काम केलं, तिथे हे वाक्य वेगवेगळ्या रूपांत ऐकलं आहे. घरच्या दुकानाचा हिशोब ठेवणारी मुलगी त्याला काम समजत नाही. धाकट्या भावाला गणित शिकवताना स्वतःची पद्धत शोधून काढणारा मुलगा ती सांगण्याजोगी गोष्ट मानत नाही. ज्यावर शिक्का नाही ते मोजायचं नाही, हे आपण त्यांना फार लवकर शिकवलं आहे. आणि मुलाखत घेणाऱ्या माणसाला हवं असतं ते नेमकं हेच. प्रमाणपत्रांची यादी अर्जात आधीच गेलेली असते. हा माणूस जे लिहू शकतो ते इतर कुणीच लिहू शकत नाही: समोर बसून बोलताना हे मूल कसं होतं, कशावर खुललं, अडचण आली तेव्हा त्याने काय केलं. त्याला लिहायला काहीतरी मिळालं पाहिजे. ‘मेहनती आणि हुशार’ एवढंच तो लिहू शकला, तर बोलण्यातून त्याच्या हाती काही लागलंच नाही असं समजावं.

तयारीचा दुसरा टप्पा म्हणजे सराव. तो मी शक्यतो माझ्याबरोबर करून घेत नाही. मी शिक्षिका आहे; माझ्यासमोर मुलं आपोआप तोंडी परीक्षेला बसल्यासारखी बसतात. त्याऐवजी मी ओळखीतली मोठी माणसं बोलावते. कुणी बँकेतून निवृत्त झालेलं असतं, कुणी परिचारिका असते, कुणी छापखाना चालवत असतं. अट एकच, माणसाला खरं कुतूहल हवं. माझ्या शेजारी एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांच्यासमोर मी इचलकरंजीच्या एका मुलीला बसवलं, तो सराव मला फार शिकवून गेला.

मुलीच्या वडिलांचे यंत्रमाग. घराला लागूनच शेड. तिने अकरावीत आवाजाच्या प्रदूषणावर एक प्रकल्प केला होता आणि त्याबद्दल तिचं इंग्रजी उत्तर तयार होतं. ध्वनिप्रदूषण ही गंभीर समस्या आहे, कामगारांमध्ये जागरूकतेचा अभाव आहे, मी त्यांच्यात जागृती केली, वगैरे. काकांनी ते शांतपणे ऐकलं आणि मराठीत विचारलं, ‘आवाज मोजलास कशाने?’

‘मोबाइलवर अ‍ॅप असतंय काका. आकडा ९०च्या पुढंच जायचा. पण मोबाइलचा माइक भरवशाचा नसतो. म्हणून मी एकाच जागी उभं राहून, त्याच मोबाइलवर, वेगवेगळ्या वेळी मोजला. आकडा थोडा चुकला तरी फरक कळतो की.’

‘बरं. मग कामगार कानात काही घालत नाहीत?’

‘कापसाचे बोळे घालतात कधी कधी. मी इअरप्लग नेऊन दिले होते सगळ्यांना. दोन दिवसांत काढून टाकले.’

‘का काढले?’

ती थांबली. हा प्रश्न तिला प्रकल्पात कुणी विचारला नव्हता. मग म्हणाली, ‘आमच्याकडं एक जुने मामा आहेत. मी त्यांच्यावर रागावले, तर ते म्हणाले, पोरी, कान बंद केले तर माग बिघडलेला कळायचा कसा? धोट्याचा आवाज जरा बदलला की ते उठतात बघा. नजर दुसरीकडं असली तरी.’

काका खुर्चीत पुढे सरकले. इंजिनाच्या आवाजावरून नेमका बिघाड सांगणारे मेकॅनिक त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. त्यांनी त्यांचे किस्से सांगितले, तिने मागाचे सांगितले. धोटा नीट बसला नाही तर आवाज कसा येतो, ते तिने टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं. मी बाजूला बसून ऐकत होते. बोलता बोलता ती स्वतःच म्हणाली, ‘म्हणजे मी रिपोर्टात लिहिलंय ते बरोबर नाही. जागरूकता नाही असं नाहीये. कान जातोय हे त्यांना माहितीये. आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलतात. मी होस्टेलला आले तेव्हा मुली विचारायच्या, भांडतेस का आमच्याशी?’

पुढचा प्रश्न काकांनी विचारला नाही, तो तिनेच काढला. कान तर वाचेल, पण मागाचं बोलणंही ऐकू येईल, असं काही बनवता येईल का? कुठला आवाज अडवायचा आणि कुठला सोडायचा? त्यासाठी काय शिकावं लागेल? तासाभरापूर्वी ‘या विद्यापीठात का यायचंय?’ यावर तिच्याकडे तिथल्या प्रयोगशाळांची नावं असलेलं एक पाठ केलेलं उत्तर होतं. आता तिच्याकडे एक खरा प्रश्न होता, आणि त्या प्रश्नासाठी ती तिथल्या ध्वनिशास्त्राच्या अभ्यासक्रमाची पानं नव्याने वाचायला लागली.

दुसऱ्या प्रश्नाचं बळ ते हेच. पहिल्या प्रश्नाला मूल शिकवलेलं उत्तर देतं. ‘कशाने मोजलास?’, ‘मग?’, ‘का काढले?’ या प्रश्नांना उत्तर देताना त्याला आठवावं लागतं, आणि आठवता आठवता ते विचार करायला लागतं.

भाषेबद्दल सांगायला हवं, कारण मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या मनात ती भीती सगळ्यात मोठी असते. माझा अनुभव असा, की मूल जी गोष्ट मराठीत रंगून सांगू शकत नाही, ती इंग्रजीत कधीच सांगू शकत नाही. म्हणून प्रत्येक गोष्ट आधी मराठीत, ज्या बोलीत ती घडली त्या बोलीत, कुणाला तरी सांगून यायची. आजीला सांगा, मित्राला सांगा. मधे कुणी ‘म्हणजे काय?’ विचारलं तर ती जागा लक्षात ठेवा; तिथे समजावून सांगावं लागणार आहे. मग तीच गोष्ट साध्या इंग्रजीत. वाक्यं लहान ठेवायची. मोठाले शब्द शोधायला जायचं नाही. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा असं मोकळेपणाने म्हणायचं, आणि विचार करायला क्षणभर थांबायचं असेल तर थांबायचं. उच्चार आपल्या मातीचा असणार, तो लपवायचा नाही. इचलकरंजीच्या त्या मुलीने धोट्याला शटल म्हटलं, मामांचं बोलणं दोन सरळ वाक्यांत सांगितलं, आणि इंग्रजीतही ती टेबलावर बोटं वाजवायला लागली, तेव्हा मला तिची काळजी उरली नाही.

दुसरी अडचण संस्कारांची. आपलं कौतुक आपण करू नये, हे आपल्याकडे घराघरात शिकवतात आणि मला ते मोलाचं वाटतं. पण त्यामुळे गटाने केलेल्या कामात आपला वाटा किती, हे सांगायला मुलं कचरतात. मग समोरच्याला कळतच नाही की नाटकाचं नेपथ्य यानेच केलं होतं. मी त्यांना सांगते, की विशेषणं वापरू नका, फक्त काय केलं ते सांगा. ‘मी उत्तम नेतृत्व केलं’ म्हणायला संकोच वाटत असेल तर तो योग्यच आहे. ‘पावसात मंडप गळायला लागला, तेव्हा मी आणि आणखी दोघांनी पडदे उतरवून वर्गात नेले’ यात बढाई कुठेच नाही, आणि ऐकणाऱ्याला सगळं कळतं.

‘इथे शिकायचं सोडून तिकडे कशाला?’ हा प्रश्न तर येतोच. त्यासाठी मी मुलांना आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगते. १८८३ साली अमेरिकेला निघण्यापूर्वी त्यांनी बंगालमधल्या सेरामपूर इथे लोकांसमोर इंग्रजीत भाषण केलं. तेव्हा त्यांना अठरा वर्षंही पूर्ण झाली नव्हती, म्हणजे त्या माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांच्याच वयाच्या. तुम्ही का जाता, इथे शिकायची सोय नाही का, एकट्या का जाता, जातीबाहेर टाकलं तर काय कराल, असे जे प्रश्न लोक त्यांना विचारत होते, ते त्यांनी स्वतःच एकेक करून मांडले आणि एकेकाला उत्तर दिलं. त्या उत्तरात अमेरिकेची थोरवी नव्हती. इथल्या बायकांना स्त्री डॉक्टरची गरज आहे, हे कारण होतं. पुढे फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून त्या १८८६ साली डॉक्टर झाल्या. मुलांना मी विचारते, तुमच्या उत्तरात गरज कुणाची आहे? विद्यापीठाचं नाव काढून टाकलं तर तुमच्या उत्तरात काय उरतं?

शेवटची दहा मिनिटं बहुधा अर्जदाराच्या प्रश्नांसाठी असतात, आणि तयारीत ती सगळ्यात दुर्लक्षित राहतात. वसतिगृहं किती, अभ्यासक्रम कोणते, हे संकेतस्थळावर असतं. ते विचारून वेळ घालवू नये. प्रवेश मिळण्याची शक्यता किंवा आर्थिक मदतही विचारू नये. ते या माणसाच्या हातात नसतं. त्याच्याकडे जे आहे ते कुठल्याही माहितीपुस्तकात नसतं: तो तिथे राहिला आहे. पहिल्या वर्षी कशाने दमछाक झाली? कोणत्या विषयाने तुमचं मत बदललं? घरापासून इतकं लांब राहताना कुणाचा आधार वाटला? असं काही मनापासून विचारलं, तर समोरचं माणूसही आपल्या अठराव्या वर्षात जाऊन येतं. तिथेही मूल पहिल्या उत्तरावर थांबत नाही ना, हे मी पाहते. ऐकून घेऊन त्यातूनच पुढचा प्रश्न निघाला, तर ती मुलाखत राहत नाही, गप्पा होतात. दुसऱ्या दिवशी दोन ओळींची आभाराची मेल लिहायची, आणि त्यात बोलण्यातली एखादी खरी आठवण हवी.

मुलं मला विचारतात, हे सगळं न्याय्य आहे का? त्यांना खरं सांगायला हवं. १९२२ साली हार्वर्डचे अध्यक्ष ए. लॉरेन्स लॉवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा आणण्याचा प्रयत्न केला. त्या काळात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनने गुणांबरोबर ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ जोखायला सुरुवात केली, आणि नको असलेल्यांना बाहेर ठेवायला मुलाखतीचाही उपयोग झाला. जेरोम कॅराबेल यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द चोझन’ या ग्रंथात हा इतिहास तपशिलाने मांडला आहे. अलीकडच्या हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात, ज्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३मध्ये दिला, व्यक्तिमत्त्वाच्या याच मोजमापावरून मोठा वाद झाला. प्रवेश विभाग आशियाई वंशाच्या अर्जदारांना व्यक्तिमत्त्वात कमी गुण देतो, असं वादींचं म्हणणं होतं. त्यांनी हेही मांडलं, की ज्या माजी विद्यार्थ्यांनी या मुलांना प्रत्यक्ष भेटून गुण दिले होते, त्यांच्या गुणांत तशी तफावत नव्हती.

मला या मुद्द्यातून धीर मिळतो. कागदावरून माणसाबद्दल मत बनवणं आणि त्याच्याशी बोलून बनवणं यात फरक पडतो. तरीही विषमता राहते. ज्यांच्या घरी जेवताना इंग्रजीत चर्चा होते, ज्यांना खासगी सल्लागाराची लाखांतली फी परवडते, त्यांना हे सोपं जातं. पण मुलाखतीसाठी लागतं ते भांडवल पैशाने येत नाही. मागाच्या शेडमध्ये वाढलेल्या मुलीकडे ते भरपूर होतं. तिला फक्त कुणीतरी ‘का?’ विचारायला हवं होतं.

तिची खरी मुलाखत जानेवारीतल्या एका रात्री व्हिडिओवर झाली. समोर बेंगळुरूत काम करणारा एक तरुण अभियंता होता. बोलणं ठरल्यापेक्षा बरंच लांबलं. मार्चमध्ये नकार आला. यात अनपेक्षित काही नव्हतं. यांतल्या बहुतेक विद्यापीठांत शंभरातल्या जेमतेम चार-पाच अर्जदारांना प्रवेश मिळतो, आणि परदेशी अर्जदारांसाठी, त्यातही आर्थिक मदत हवी असणाऱ्यांसाठी, दार आणखी अरुंद असतं. ती रडली, मीही हळहळले. आता ती महाराष्ट्रातच अभियांत्रिकी शिकते आहे. पहिल्या वर्षी तिने एका प्राध्यापकांची भेट मागितली आणि मागाची, मामांची, इअरप्लगची सगळी हकीकत त्यांना सांगितली. प्राध्यापकांनी प्रयोगशाळेतला ध्वनिमापक तिच्या हाती दिला आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी नेऊन नीट मोजमाप करून आणायला सांगितलं. अनोळखी मोठ्या माणसासमोर बसून आपलं काम सांगायची सवय तिला झाली होती, ती तिथे कामी आली.

म्हणून मला ही तयारी फक्त अमेरिकेच्या वाटेवरच्या मूठभर मुलांपुरती ठेवायची नाही. जूनमध्ये शाळा-कॉलेजं उघडली, की प्रत्येक वर्गात बाहेरचं एखादं माणूस बोलवावं. शेतकरी, परिचारिका, मेकॅनिक, मुद्रितशोधक, कुणीही चालेल. त्याने भाषण करायचं नाही. एकेका मुलासमोर वीस मिनिटं बसायचं, टक्के विचारायचे नाहीत, आणि मूल जे सांगेल त्यावर पुढचा प्रश्न विचारायचा. याला खर्च नाही, वेगळा अभ्यासक्रम लागत नाही. घरात तर ते आजपासून करता येईल. तुमच्या घरी किंवा शेजारी सतरा वर्षांचं कुणी असेल, तर त्याला आज पहिला प्रश्न काहीही विचारा. उत्तर आल्यावर मात्र उठू नका, ‘मग?’ म्हणा आणि पुढचं ऐका.